लाकडासारखी टाइल: रंगाआधी बाक पाहा

प्रश्न: दिवाणखान्यासाठी लाकडी पट्टीसारखी दिसणारी पोर्सेलिन टाइल घ्यायची आहे, माप २०० × १२०० मिमी. दुकानातले सगळेच नमुने छान वाटतात. निवड कशावर करावी?

रंग मनात भरला असेल तर आता टाइल हातात घ्या. एकाच खोक्यातल्या दोन टाइल काढून त्यांची तोंडं एकमेकांवर ठेवा आणि कडेने बघा. मधोमध टेकतात आणि टोकांना फट दिसते का? वरची टाइल डुलते का? भट्टीत भाजताना लांब टाइलला थोडी कमान येतेच. एका टाइलला पाऊण मिमी बाक असेल, तर अशी जोडी लावल्यावर फट दुप्पट, म्हणजे दीड मिमी दिसते. म्हणून ही परीक्षा इतकी उपयोगी. दोन-तीन खोक्यांतल्या जोड्या तपासा. फट मोठी असेल तर डिझाइन कितीही देखणं असो, ते सोडून द्या.

मग छाप. त्या डिझाइनमध्ये वेगवेगळे छाप किती आहेत, हे विचारा. आठ-दहा टाइल जमिनीवर मांडून चार पावलं मागे या. तीच गाठ, तीच फाट दर तिसऱ्या टाइलवर दिसली, तर लाकडाचा भास तिथेच संपतो. तुटक्या तुकड्याचा आतला रंगही बघून घ्या: वर गडद सागवानी छटा आणि आत पांढरी माती असेल, तर पुढे टवका उडाला की लांबून डोळ्यांत भरेल.

प्रश्न: आमच्याकडे अशीच टाइल विटांच्या बांधकामासारखी, अर्ध्यावर सांधा देऊन बसवली. आता कडा पायाला लागतात. गवंडी म्हणतो टाइल वाकडी, दुकानदार म्हणतो काम वाकडं. खरं काय?

मूळ दोष बहुधा मांडणीचा. टाइलचा सर्वांत उंच भाग मध्यावर, सर्वांत खाली टोकं. अर्ध्यावर सांधा दिला की एकीचं टोक बरोबर शेजारणीच्या मध्याला येतं, म्हणजे बाकाचा सगळा फरक एकाच जागी पायाला लागतो. सांधा एक तृतीयांश लांबीवर, म्हणजे १२०० मिमीच्या टाइलला ४०० मिमीवर सरकवला असता, तर हाच माल बराच सपाट बसला असता. लेव्हलिंग क्लिपांनी (शेजारच्या टाइलच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या चिमट्यांनी) थोडी मदत होते, पण वाकडी टाइल त्यांनी सरळ होत नाही.

दुसरं कारण कोबा. तीन मीटरची सरळ पट्टी सगळ्या दिशांनी फिरवून पाहायची; खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी कोबा सपाट करून घ्यायचा. खड्डा टाइलखालच्या मसाल्याने भरून काढणं चुकीचं, कारण जाड थर सुकताना आकसतो आणि टाइल खाली ओढतो.

तिसरं, बसवण्याची पद्धत. पोर्सेलिन पाणी जवळपास शोषत नाही (वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच), त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाची पकड तिला पुरत नाही. पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्हच हवं. ते दातेरी थापीने एकाच दिशेत, टाइलच्या रुंदीला समांतर ओढायचं, म्हणजे टाइल दाबताना हवेला बाहेर पडायला जवळची वाट मिळते. टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. पहिली टाइल बसवली की लगेच उचलून पाठ बघा: कोपरे कोरडे असतील तर पुढे तिथेच बद्द आवाज येणार आणि तिथेच टाइल फुटणार. सांधा किमान ३ मिमी ठेवा, आणि भिंतीलगत ६ ते ८ मिमी मोकळी जागा सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही जागा मसाल्याने भरून टाकली, तर उन्हाळ्यात फरशी फुगून मधूनच उचलली जाऊ शकते.

आता उपाय: कडा घासू नका, छाप निघून जाईल. जास्त लागणाऱ्या टाइल तेवढ्या काढून नव्या बसवा.

प्रश्न: ४.५ × ३.६ मीटरच्या खोलीला किती खोकी लागतील?

क्षेत्रफळ १६.२ चौ. मी. कापण्यातली नासधूस १० टक्के धरली की १७.८२. खोक्यात ५ टाइल, म्हणजे १.२ चौ. मी. असतील तर १५ खोकी. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी) मांडणी हवी असेल तर १५ टक्के धरा, १६ खोकी होतात. सगळ्या खोक्यांवरचा छटा क्रमांक आणि माप क्रमांक एकच आहे ना, हे माल उतरवतानाच पाहा. बसवल्यावर तक्रार ऐकून घेतली जात नाही. बसवताना तीन-चार खोकी एकदम उघडून टाइल मिसळून घ्या. उरलेल्या टाइल जपून ठेवा, तीच छटा पुन्हा मिळणं कठीण असतं.

प्रश्न: हीच टाइल न्हाणीघरात चालेल का? ‘आर १०’ लिहिलं आहे.

‘आर’ क्रमांक टाइलवरून पाय किती घसरतो याचा, पण बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर केलेल्या चाचणीचा असतो. ओल्या अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी चढती श्रेणी आहे. शॉवरखाली किमान बी मागा. शिवाय लांब टाइलला पाणी जाण्याच्या जाळीकडचा उतार नीट देता येत नाही. तिथे त्याच रंगाची छोटी टाइल घ्या.

प्रश्न: सांध्याचा रंग कोणता घ्यावा?

टाइलमधल्या मधल्या छटेपेक्षा किंचित गडद. फिका घेतला की पट्ट्यांऐवजी रेघांची जाळी दिसते. फरशी पुसायला मेणाचं किंवा चकाकी देणारं द्रव वापरू नका, वर थर बसून पावलांचे ठसे उमटतात. साधं, सौम्य साबणाचं पाणी पुरतं.