परदेशात इंग्रजी शिकवायला नोकरी मिळते का? आधी पासपोर्ट बघा, मग कोर्स

तुम्ही विचारलंय की डिग्री कॉमर्सची आहे, इंग्रजी चांगलं आहे, 120 तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (परदेशी लोकांना इंग्रजी कसं शिकवायचं त्याचा) केला तर परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागेल का, आणि कोर्सवाला शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतोय ते खरं का. नोकरी लागते. शंभर टक्के कुणालाच नाही, आणि असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. मी थायलंडमध्ये तीन वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, माझाही पासपोर्ट इंग्रजी भाषिक देशाचा नव्हता, त्यामुळे जे बघितलं तेच सांगते.

सगळे कोर्सबद्दल विचारतात पण खरी चाळणी पासपोर्टची आहे. दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा, म्हणजे भाषा शिकवायला जाणाऱ्यांचा, साधारणपणे सातच देशांच्या लोकांना मिळतो - अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तिथे घर मिळतं, वर्षाचा करार पूर्ण केला की एक महिन्याचा पगार वेगळा मिळतो, हे सगळं ऐकून माणूस हरखतो, पण यादीत नाव नसेल तर तिथे वेळ घालवू नका. चीनमध्येही जवळपास हीच यादी चालते, त्यात 2021 च्या जुलैमध्ये सरकारने खासगी क्लासेसवर जो वरवंटा फिरवला त्यात कितीतरी क्लास बंद झाले, आणि चीनबाहेर बसलेल्या शिक्षकांनी तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवण्यावरही बंदी आणली. म्हणजे घरबसल्या डॉलर कमवा असं कुणी जुना व्हिडिओ दाखवून सांगत असेल तर तो कधीचा आहे ते बघा.

जपानचं वेगळं आहे. तिथे अशी देशांची यादी नाही, पण भाषा शिकवायची तर तुमचं स्वतःचं निदान 12 वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर हा मोठा प्लस पॉइंट आहे, शाळेकडून तसं लेखी घेऊन ठेवा, नंतर धावपळ होते. आखाती देशातल्या शाळा पगार चांगला देतात आणि त्यावर टॅक्स नसतो, पण चांगल्या शाळांना बीएडसारखी डिग्री आणि दोनेक वर्षांचा अनुभव लागतो, तिथे टेफलला कोणी विचारत नाही. युरोपचं थोडक्यात सांगायचं तर ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश लोकांनासुद्धा परमिट लागतं, मग आपलं काय.

राहिले थायलंड आणि व्हिएतनाम, खरी दारं इथेच उघडी आहेत. डिग्री कुठल्याही विषयाची चालते, कॉमर्सचीही. इंग्रजी भाषिक देशांबाहेरच्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, थायलंडमध्ये टोईक नावाच्या परीक्षेत साधारण 600 मार्क मागतात. शिक्षणातली डिग्री नसेल तर शाळा तुमच्यासाठी शिक्षक परिषदेकडून लायसन्सची तात्पुरती सूट घेते, दोन वर्षांची. पगारात मात्र फरक करतात आणि तो उघड करतात. मला 25,000 बाट होते आणि तोच वर्ग, तेच तास घेणाऱ्या ब्रिटिश मुलाला 36,000. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यात चांगलं शिकवणाऱ्या दोघी फिलिपिनो होत्या, पंधरा पंधरा वर्षांचा अनुभव, आणि पगार सगळ्यात कमी त्यांचा. याचा मला अजूनही राग येतो. हे माहीत असून जायचं असेल तर जा, मी गेले आणि पुन्हा जाईन, कारण एवढी मनापासून शिकणारी मुलं मला दुसरीकडे भेटली नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टूरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट इथे आल्यावर करून देतो असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. माझ्या पहिल्या शाळेने हेच सांगितलं, मी गेले, दोन महिने झाले तरी वर्क परमिटचं नाव नाही, विचारलं की पुढच्या आठवड्यात. त्या काळात मी रोज शिकवत होते आणि कायद्याने ते बेकायदा काम होतं, पकडलं असतं तर दंड आणि डिपोर्ट मला झालं असतं, शाळेचं फार काही बिघडलं नसतं. शेवटी ती सोडली, दुसऱ्या शाळेने कागद दिले, ते घेऊन लाओसला व्हिएन्तियानच्या थाई वकिलातीतून नॉन-बी व्हिसा (नोकरीसाठीचा) काढून आले तेव्हा रात्री झोप लागली. परमिटवर शाळेचं नाव असतं, शाळा बदलली की ते पुन्हा करावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

कोर्सचं म्हणाल तर ऑनलाइन 120 तास कागदापुरते ठीक, पण त्यात तुम्ही एकाही मुलासमोर उभे राहत नाही. पैसे जमत असतील तर सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांचा कोर्स करा, महाग आहे पण त्यात सहा तास खऱ्या वर्गात शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी चुका लिहीत असतं. नाही जमलं तर आत्तापासून कुठेतरी मुलांना शिकवायला लागा, फुकट का होईना. इंटरव्ह्यूत डेमो लेसन मागतात आणि तिथे सर्टिफिकेट उपयोगी पडत नाही.

थायलंडची शाळा मेच्या मध्यात सुरू होते, भरती मार्च-एप्रिलमध्ये जोरात असते, दुसरं सत्र नोव्हेंबरला म्हणून ऑक्टोबरमध्येही जागा निघतात. डिग्रीचं अटेस्टेशन (ती खरी असल्याचा सरकारी शिक्का) आणि पोलीस क्लिअरन्सला (गुन्हा नसल्याच्या दाखल्याला) वेळ लागतो, म्हणून मार्चमध्ये अर्ज करायचा तर डिसेंबरातच कागद हातात घ्या. पोलीस क्लिअरन्स फार आधी मात्र काढू नका, जुना झाला की घेत नाहीत, मला दोनदा काढावा लागला होता.