विज्ञानाच्या तासाला फिटनेस बँड: घेण्याआधी एवढं बघा

ताई, तुम्ही विचारलंय की इंदूरच्या तुमच्या शाळेला एक कंपनी आठवी-नववीच्या प्रत्येक मुलासाठी मनगटी बँड आणि सरांसाठी डॅशबोर्ड (सगळ्या मुलांचे आकडे एकत्र दाखवणारा स्क्रीन) देतेय, मॅनेजमेंट पण तयार आहे, तर घ्यावं का. मी इथेच बरीच वर्षं फिजिक्स शिकवतोय, माझं मत सरळ सांगतो: सेन्सर जरूर वापरा, पण हे पॅकेज आत्ता घेऊ नका.

कारण बँड तयार आकडा देतो. नाडी 84 म्हणजे 84, मुलं वहीत उतरवतात आणि विषय संपला. तो आकडा कसा निघाला हे आतच राहतं आणि आपल्याला तर तेच शिकवायचंय ना.

सुरुवात फुकटात होते. फायफॉक्स नावाचं अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं, फोनमधल्या सेन्सरचा कच्चा ग्राफ दाखवतं. फोन टेबलावर आडवा ठेवा आणि गुरुत्वासकट प्रवेग दाखवणारा भाग लावा. फोन जागचा हलत नाहीये तरी 9.8 दिसतं. लगेच गलका होतो, सर हा तर थांबलाय मग प्रवेग कसला? तेव्हा उत्तर देऊ नका. खाली जाड गादी टाका आणि फोन हातातून सोडा, पडत असतानाची रेघ शून्याजवळ येते. आता पोरं पुरती चक्रावतात, कारण पुस्तकाप्रमाणे पडताना 9.8 यायला हवं आणि टेबलावर शून्य, इथे सगळं उलटं! मग सांगायचं की चिपमध्ये सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर धरलेलं एक इवलंसं वजन असतं आणि त्या स्प्रिंगा किती ताणल्या-दबल्या तेवढंच ती चिप मोजते, टेबल फोनला खालून रेटतं ते तिला कळतं, पण पडताना चिप आणि वजन दोन्ही सारखीच पडतात त्यामुळे स्प्रिंगांना काही जाणवतच नाही. यावर पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या, नववीचं गुरुत्वाकर्षण इथे खरं डोक्यात बसतं.

मग तोच फोन इलॅस्टिकच्या पट्ट्याने कमरेला घट्ट बांधा आणि उडी मारायला सांगा. हवेत असतानाचा तुकडा ग्राफवर वेगळा दिसतो, त्याचा वेळ मोजायचा, वर्ग करायचा, 9.8 ने गुणून 8 ने भागायचं की उडीची उंची मिळते. 0.4 सेकंद हवेत म्हणजे जवळजवळ 20 सेंमी. भिंतीवर खडूने खूण करून पट्टीने मोजा आणि दोन्ही ताडून बघा, फरक येईलच (खाली येताना गुडघे वाकले की हवेतला वेळ वाढतो), तो फरक का आला हे मुलांनाच शोधू द्या.

एक खास इंदूरचा प्रयोग. ज्या फोनमध्ये किंवा घड्याळात हवेच्या दाबाचा सेन्सर आहे तो इथे साधारण 950 हेक्टोपास्कल दाखवतो आणि हवामानाचं अ‍ॅप त्याच वेळी हजाराच्या आसपास. मुलं म्हणतात सेन्सर खराब आहे. खराब नाहीये, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत आणि अ‍ॅप आकडा समुद्रसपाटीचा करून सांगतं. रालामंडलच्या टेकडीवर सहल काढली तर चढता चढता दाब लिहून घ्यायचा, साधारण नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल उतरतो, त्यावरून टेकडीची उंची काढता येते.

नाडीचं काम मात्र आधी बोटांनी. मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजा, उठाबशा काढा, परत मोजा, ग्राफ हाताने काढा आणि मगच बँड लावा. बँडमधला हिरवा दिवा रक्तात चांगला शोषला जातो, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, त्यातून ठोके मोजतात. हात जोरात हलवा, पट्टा सैल करा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) गडद नेलपॉलिश लावलेलं बोट घालून बघा, कुठे आकडा बिघडतो ते मुलांनी टिपावं. 2020 साली अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं की काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिमीटर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवायची चूक जास्त वेळा करतो. हे मोठ्या मुलांना नक्की सांगा, यंत्र कोणाच्या त्वचेवर तपासलंय हा विज्ञानाचाच प्रश्न आहे.

आणि प्रत्येकाला एक बँड हवाच कशाला? आपल्याच मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं, मुलं चौघांच्या टोळीत साध्या किटवर स्वतः प्रयोग करायची. 2002 ला सरकारने तो कार्यक्रम बंद केला याचं मला आजही वाईट वाटतं. टोळीत एक सेन्सर असला की एक उडी मारतो, एक वेळ बघतो, एक लिहितो आणि चौथा भांडतो की हे चुकलंय, हे भांडण फार मोलाचं.

डॅशबोर्डबद्दल मी कडक आहे. मुलांच्या नाडीचे, झोपेचे, कॅलरीचे आकडे नावासकट कंपनीकडे का जावेत? 2023 च्या डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या मुलीचं वजन वर्गासमोर स्क्रीनवर येणं मला चालणार नाही. नावाऐवजी टोळीचा नंबर टाका, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला वेळ नोंदवायचं काम द्या.

कंपनीच्या माणसाला एवढंच विचारा की कच्चा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता), इंटरनेटशिवाय, शाळेच्याच कॉम्प्युटरवर मिळेल का. हो म्हणाला तर टोळीमागे एक या हिशोबाने थोडे घ्या, नाही म्हणाला तर त्याच पैशात मायक्रोबिट (मुलांना प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घ्या, त्यात प्रवेगाचा सेन्सर आहेच, मुलं पट्ट्याला बांधून पावलं मोजायचा प्रोग्रॅम स्वतः लिहितात. पहिल्या तासाचा प्लॅन हवा असेल तर इथेच विचारा, लिहून देतो.