गाणी विकत घेणारं गिऱ्हाईक गेलं कुठं? परभणीच्या एका जुन्या कॅसेटवाल्याचं उत्तर

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मोबाईलवर सगळं फुकट ऐकायला मिळत असताना मराठवाड्यात कुणी अल्बम विकत घेतं का, हा एक. आणि तुमचा मित्र भीमगीतं गातो, त्याने आठ गाण्यांचा अल्बम काढावा का, हा दुसरा. परभणीत आमचं कॅसेटचं दुकान होतं. वडिलांनी टाकलं, पुढं मी चालवलं, आता त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि रिचार्ज चालतं. त्यामुळं गल्ल्यावर बसून जे दिसलं ते सांगतो.

अल्बम घेणं जवळपास संपलं. गाण्यापायी पैसे मोडणं मात्र संपलेलं नाही. पैसा दुसरीकडून वाहतोय, एवढंच.

पूर्वी लोक अख्खा अल्बम मन लावून घ्यायचे आणि दोन्ही बाजू ऐकायचे, असं पुण्या-मुंबईच्या लेखांतून वाचायला मिळतं. आमच्या काउंटरवर तसं फारसं नव्हतं. 80च्या दशकात टी-सीरिजने कॅसेटचे दर पाडले म्हणून ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली हे खरं. तरी पुढं पस्तीस-चाळीस रुपयांची कॅसेट म्हणजे एका दिवसाची मजुरी. सिनेमाच्या कॅसेटमध्ये दोन गाणी चालणारी, बाकी भरती. त्या दोन गाण्यांसाठी दिवसाची मजुरी कोण घालील? म्हणून गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं. कोरी साठ मिनिटांची कॅसेट घ्यायची आणि यादीतली गाणी त्यात भरून द्यायची. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. तेरावं गाणं बसवा म्हणून हटकून वाद. "अर्धं तर अर्धं, पण घ्याच की ओ" असं म्हणणारे होते, आणि त्यांच्या कॅसेटी खरंच मधेच तुटलेल्या गाण्यावर संपायच्या. हे कायद्यात बसत नव्हतं, पण स्टेशन रोडला तेव्हा कोण विचारत होतं? आजच्या प्लेलिस्टचं कौतुक करणाऱ्या पोरांना मी ती पानं दाखवली असती, जपून ठेवली असती तर.

अख्खा अल्बम मागून घेणारी गिऱ्हाइकं तीन प्रकारची. पहिली एप्रिलची. 14 एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या नव्या कॅसेटी यायच्या आणि गावोगावची पोरं "नवीन काय आलं?" म्हणत दुकानात उभी राहायची. त्यांना गाणं नको, कॅसेट हवी असायची. जयंतीला मांडवात ती उलटून-पालटून दिवसभर वाजायची. दुसरी फेब्रुवारीतली, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाची. उरुसाला आलेला माणूस कव्वालीची कॅसेट घेतल्याशिवाय परतायचा नाही, आणि कव्वाली तशीही एका बाजूला दोन-तीनच बसतात, त्यामुळं निवडायला काही नसायचंच. तिसरी माळकऱ्यांची, कीर्तन-भजनाच्या कॅसेटी घेणारी. सिनेमावाल्यांपेक्षा या तिघांनी आमचं दुकान चालवलं. मराठवाड्यात अल्बमचे खरे चाहते कोण होते, असं कुणी विचारलं तर मी यांच्याकडे बोट दाखवीन.

सीडी आमच्याकडे आली आणि गेली. मूळ सीडी महाग, घरात प्लेअर कमी. एका चकतीत शे-दीडशे गाण्यांची एमपी3 सीडी काही वर्षं ऑटोवाल्यांनी घेतली.

खरी उलथापालथ केली ती मेमरी कार्डाने. याच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. आमच्याकडे खेड्यात दिवसाला दहा-बारा तास लोडशेडिंग. टेपला लाइट लागते, नाहीतर सेल लागतात आणि सेल महाग. तेवढ्यात मोठ्या आवाजाचे चिनी मोबाईल आले. रात्री दोनला लाइट आली की पाणी द्यायला निघालेला शेतकरी वरच्या खिशात मोबाईल वाजवत जायचा. त्याला इंटरनेट नको होतं, कार्ड भरून हवं होतं. 2 जीबीच्या कार्डात चारएकशे गाणी बसतात. दर गावागणिक वेगळा, पण वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. माझ्या दुकानाबाहेरही "येथे गाणी भरून मिळतील" हा बोर्ड होता.

यात एक गोष्ट घडली. गिऱ्हाइकाने गाणं मागणं बंद केलं. "जुनी भरा, थोडी लग्नाची, थोडी देवाची, बाकी तुमच्या मनानं. जागा शिल्लक ठिवू नका." म्हणजे निवड माझ्या हातात आली. माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरात जे होतं तेच आजूबाजूच्या पन्नास गावांत वाजायला लागलं. आता ॲप काय ऐकायचं ते सुचवतं म्हणून लोक हळहळतात. आमच्याकडे ते काम आधी मोबाईल शॉपीवाल्यांनीच करून ठेवलं होतं.

याच काळात कॉलर ट्यूनने धुमाकूळ घातला. कॅसेटला पैसे नाहीत म्हणणारा माणूस महिन्याला तीसएक रुपये कापू द्यायचा, तेही स्वतःला ऐकू न येणाऱ्या गाण्यासाठी! पुढं ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ग्राहकाची संमती नीट घेण्याची सक्ती केली आणि तो धंदाही बसला.

मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कार्ड भरायला कुणी येईना. मी बोर्ड काढला.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. जगभरात रेकॉर्डेड संगीताच्या कमाईतला दोन तृतीयांश वाटा आता स्ट्रीमिंगचा, म्हणजे नेटवरून थेट गाणी ऐकण्याचा आहे. स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप भारतात 2019 ला आलं. पण आमच्याकडे गाणं ऐकणं म्हणजे यूट्यूब, जाहिरातीसकट. 2022 मध्ये 'गाना' या ॲपने फुकट ऐकणं बंद करून वर्गणी मागितली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकानेही पैसे भरले नाहीत, ॲप काढून टाकलं. महिन्याला शंभर रुपये महाग म्हणून असं नाही. रिचार्जला तीनशे घातले, त्यात सगळं आलं पाहिजे, हा हिशेब डोक्यात पक्का बसलाय.

तर मग पैसा जातो कुठं?

एक, पेनड्राइव्ह. हसू नका. ट्रॅक्टर, टेम्पो, काळी-पिवळी आणि दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघणारी ऊसतोडीची वाहनं, यांच्यासाठी भरलेला पेनड्राइव्ह आजही विकला जातो. घाटात रेंज जाते, आणि गाणं चालू असताना घरून फोन आला की गाणं बंद पडतं. ड्रायव्हरला ते चालत नाही.

दुसरं, आईवडिलांसाठी घेतलेला डबा. सारेगामा कंपनीने 2017 मध्ये कारवां नावाचा रेडिओसारखा डबा काढला, 5000 जुनी गाणी आत भरलेली, किंमत सहा हजारांच्या आसपास. पुण्यात कंपनीत लागलेल्या पोरांनी गावाकडं पाठवलेले ते डबे मी घरोघरी पाहिलेत. कॅसेटला पस्तीस रुपये देताना दहादा विचार करणाऱ्या घरात सहा हजारांची वस्तू आली, कारण तिला इंटरनेट लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला बटण कळतं.

तिसरं, नावाचं गाणं. मंडळाचं, नेत्याचं, नाहीतर जयंती समितीचं नाव घालून डीजेवाल्याकडून रिमिक्स करून घ्यायचं. गाण्याच्या मधेच ते नाव खणखणीत आवाजात यायला पाहिजे. ज्यांनी आयुष्यात मूळ कॅसेट घेतली नाही ती पोरं याला हजारात पैसे देतात. मला हा प्रकार कानाला सोसत नाही, पण खरेदी म्हणून बघाल तर आमच्या भागातली सगळ्यात जिवंत खरेदी हीच.

आणि चौथं, सगळ्यात मोठं: कार्यक्रम. एप्रिल-मेमध्ये गावं वर्गणी काढतात, गायकाला सुपारी देतात आणि रात्रभर गाणी ऐकतात. यूट्यूबवर ते गाणं सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं, तरी स्टेजवर तेच पुन्हा म्हणायला लावतात, वर नोटा देतात. पूर्वी कॅसेट विकली जावी म्हणून गायक कार्यक्रम करायचा. आता कार्यक्रम मिळावा म्हणून गाणं फुकट सोडतो.

अल्बम अजिबात कुणी घेत नाही असंही नाही. माझी भाची संभाजीनगरला शिकते. तिने कोरियन बँडचा अल्बम मागवला, हजार-दोन हजारांच्या घरातला. खोका उघडला तर आत जाड फोटोंचं पुस्तक, पत्त्याएवढा एका गायकाचा फोटो, आणि एक सीडी. सीडी तिने बघितलीही नाही. लावायला घरात काही नाहीच. फोटो कुणाचा निघतो हे खोका उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिच्या मैत्रिणी तोच अल्बम दुसऱ्यांदा मागवतात, नाहीतर आपापसात फोटो बदलतात. "मामा, गाणी तर फोनवर आहेतच की," तिने मलाच समजावलं. "मग हे काय घ्यायलीस?" तर म्हणे, "हे माझं आहे."

अमेरिकेतही असंच काहीसं चाललंय. तिथं 2022 मध्ये एलपी तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येनं विकल्या गेल्या. 1987 नंतर पहिल्यांदाच. ऐकायला फोन, ठेवायला तबकडी. आणि खपाच्या याद्या करणाऱ्या बिलबोर्डने 2014 मध्ये ठरवलं की अल्बममधली गाणी 1500 वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला असं मानायचं. म्हणजे आता कुणीही काही विकत न घेता अल्बम खपतो! त्यातल्या त्यात ॲडेल या गायिकेने 2021 मध्ये स्पॉटिफायला सांगून अल्बमची गाणी आपोआप उलटसुलट वाजणं बंद करायला लावलं. गाणी ज्या क्रमानं लावली त्याच क्रमानं ऐका, एवढीच मागणी होती बाईंची. कॅसेटला ते आपसूक होतं, पुढं ढकलायला बोट दुखायचं.

आता तुमच्या मित्राबद्दल, कारण त्यातच मला जास्त बोलायचंय.

भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी "वामन" येतं. ही रीत जुनीच. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईपासून, नरसीच्या नामदेवापासून चालत आलेली. कॅसेटच्या आतल्या कागदावर कवी, संगीतकार, गायक सगळे छापलेले असायचे, आणि कागद हरवला तरी शेवटच्या कडव्यात नाव राहायचं. मेमरी कार्डात फाइलचं नाव "ट्रॅक 03" आणि कुठल्या तरी वेबसाइटचं नाव, तिथं कागद गेला. आता रीलमध्ये सुरुवातीचे तीस सेकंद वाजतात, तिथं शेवटचं कडवंही गेलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते मोजलं जातं, पुढं ऐकलं काय, नाही काय, पैशात फरक पडत नाही. म्हणून हल्ली गाण्याचा सगळा जोर सुरुवातीलाच लावतात. नुकसान गायकाचं कमी आहे, त्याचं तोंड व्हिडिओत दिसतं. लिहिणारा मात्र पुरता गायब झाला.

म्हणून मित्राला सांगा, आठ गाणी एकदम काढू नको. फेब्रुवारीपासून एकेक सोड, शेवटचं एप्रिल लागायच्या आत. जयंतीच्या आठवड्यात सोडलेलं गाणं बसायला वेळच मिळत नाही, तोवर डीजेवाल्यांचे सेट तयार झालेले असतात. कवीचं नाव व्हिडिओच्या मथळ्यातच घाल, खालच्या बारीक अक्षरात कुणी वाचत नाही. स्ट्रीमिंगच्या पैशावर बसू नको. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षात हजारवेळा तरी वाजलेल्या गाण्यालाच मानधन आहे, आणि त्या हजाराचंही चहा-पाण्यापलीकडे काही होत नाही.

आठही गाणी झाली की मात्र एक कर. पेनड्राइव्हवर भर, वर छोटं स्टिकर लाव: गायकाचा फोटो, कवीचं नाव, कार्यक्रमासाठी फोन नंबर. कार्यक्रमाच्या ठिकाणी स्टेजच्या बाजूला टेबल टाकून विक. शंभराच्या वर करू नको, खपले तर पुन्हा करता येतात. स्टिकरवर साल ठळक छाप. दुसऱ्या वर्षी त्याच गावात गेल्यावर लोक जुना पेनड्राइव्ह हातात घेऊन येतात आणि यंदाचा आलाय का, हे पहिलं विचारतात.