४ ओहमचे टॉवर आणि 'प्रोटेक्ट'मध्ये जाणारा रिसीव्हर

तुमचे पुढचे टॉवर ४ ओहमचे, बाकीचे स्पीकर ८ ओहमचे, सिनेमात आवाज चढला की रिसीव्हर (होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प) 'प्रोटेक्ट' दाखवून, म्हणजे स्वतःला वाचवायला, बंद होतो, आणि दुकानदार म्हणतो मेनूत इम्पिडन्स (स्पीकरचा विद्युत रोध; तो कमी तितका करंट जास्त) ४ ओहम करा. हाच सल्ला मला एका सेवा केंद्राने दिला होता. त्याने भागेना, तेव्हा मेन बोर्ड बदलायचा खर्च सांगितला. बोर्ड ठणठणीत होता. म्हणून जरा लांबण लावतो.

पुष्कळ रिसीव्हरमध्ये ते सेटिंग खाली आणलं की ॲम्पचं सप्लाय व्होल्टेज उतरतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्होल्टेज ३० टक्के उतरलं तर पॉवर निम्मीच उरते. रिसीव्हर कमी तापतो हे खरं, पण ताकद काढून घेतल्यामुळे. तुम्ही आवाज तितकाच मागता, मग तो आधीच क्लिप होऊ लागतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. क्लिप झालेल्या सिग्नलमधले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) थेट ट्विटरकडे, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरकडे जातात आणि त्याची बारीक कॉइल जळते. माझं स्पष्ट मत: सेटिंग ८ वरच ठेवा आणि हवा खेळती ठेवा. तुमच्या मॅन्युअलमध्ये उलट लिहिलं असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर निर्णय तुमचा.

आता खरं कारण शोधा. बास दणकला की त्याच क्षणी बंद पडतो, की अर्ध्यापाऊण तासाने? लगेच असेल तर करंट जास्त ओढला जातोय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. उशिरा असेल तर उष्णता. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात रिसीव्हर कोंबला असेल तर आधी बाहेर काढा. वर १० सेंमी तरी मोकळं हवं, आणि त्यावर सेट टॉप बॉक्स ठेवू नका.

शॉर्टसाठी: प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या तारा रिसीव्हरकडून सोडवा, मग चालू करा. तरीही प्रोटेक्ट आला तर दोष आत आहे, दुरुस्तीला न्या. नाही आला तर प्रत्येक तारेच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.५ दाखवतो, ८ ओहमचा ५.५ ते ७. एक ओहमच्या खाली आकडा आला तर तार कुठेतरी चिकटली आहे. बहुतेक वेळा टर्मिनलमधून सुटलेला एखादा केसासारखा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागलेला असतो. बनाना प्लग लावा, ही कटकट संपते. आणि एका चॅनेलवर (रिसीव्हरच्या एका स्पीकर आउटपुटवर) दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर ते आधी सोडवा: ८ ओहमचे दोन म्हणजे ४, ४ चे दोन म्हणजे २.

शॉर्ट नसेल तर भार हलका करा. टॉवर कितीही मोठे असले तरी मेनूत 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ, आणि 'एलएफई + मेन' (तोच बास टॉवरलाही देणारं सेटिंग) बंद. सर्वात जास्त करंट मागणारा बास मग सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पवर जातो. ४ ओहमच्या टॉवरबाबत या एका बदलाने पडणारा फरक रिसीव्हरचं पुढचं मॉडेल घेऊनही पडत नाही.

खोक्यावरच्या १५० वॉटवर जाऊ नका. तो आकडा बहुधा ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल आणि १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असतो. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, असा आकडा शोधा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटीही (ठराविक सिग्नलला तो किती मोठ्याने वाजतो) नीट वाचा: २.८३ व्होल्टला ८८ डेसिबल लिहिलं असेल तर ४ ओहमवर ते १ नाही, २ वॉट झाले, म्हणजे १ वॉटला खरे ८५.

तारेबद्दल: १० मीटरपर्यंत २.५ चौरस मिमी तांब्याची फ्लेक्सिबल पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार घेऊ नका.

एवढं करूनही बंद पडला तर रिसीव्हरला प्रीआउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) आहे का ते बघा, आणि फक्त पुढच्या दोन चॅनेलसाठी ४ ओहमला रेट केलेला पॉवर ॲम्प जोडा. रिसीव्हरच्याच मोकळ्या चॅनेलवरून बायॲम्पिंग (एकाच स्पीकरला दोन चॅनेल जोडणं) करू नका, सप्लाय तोच राहतो. ॲम्प जोडल्यावर माइक लावून कॅलिब्रेशन (स्पीकरांच्या पातळ्या जुळवणारी चाचणी) पुन्हा चालवा, नाहीतर पुढचे स्पीकर सेंटरपेक्षा कमी-जास्त वाजतील.