बुरशीचा विषाणू डिंक्यावर चालेल का?

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. पावसाळा झाला की डिंक्याने (खोडातून डिंक वाहण्याच्या रोगाने) काही झाडे हातची जातात. बुरशीलाही विषाणूंची बाधा होते, असे वाचनात आले. तसा विषाणू बागेत फवारता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बुरशीला विषाणूबाधा होते, हे खरे आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये बटन अळंबीच्या एका रोगाचा शोध घेताना असे विषाणू आढळले. मात्र त्यांतील बहुतेक बुरशीला काहीच अपाय करीत नाहीत, आणि जे करतात त्यांचीही फवारणी सहसा जमत नाही. कारण हे विषाणू पेशीबाहेर पडून नव्या बुरशीत शिरत नाहीत, तर दोन बुरशींचे तंतू एकमेकांना जुळून आतला जीवरस मिसळला की, किंवा बीजाणूंतून, पुढे जातात. जुळणारे तंतू परस्परांना मानवले नाहीत, तर सांध्यावरच्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट तिथेच अडते.

युरोपातील चेस्टनट वृक्षांचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. इटलीत जेनोवाजवळ १९३८ मध्ये सालीवर खोल व्रण पाडणाऱ्या बुरशीची नोंद झाली. पुढे काही झाडांचे व्रण आपोआप भरताना दिसले, आणि फ्रान्समध्ये संशोधक झाँ ग्राँत यांनी अशा व्रणांतून पांढुरकी, दुबळी बुरशी वेगळी केली. हा दुबळेपणा विषाणूमुळे आलेला होता. मग व्रणाच्या कडेने भोके पाडून त्यांत ही बाधित बुरशी भरण्याचा उपचार तेथे रूढ झाला. अमेरिकेत मात्र बुरशीचे परस्परांशी न जुळणारे प्रकार फार असल्याने तो फारसा पसरला नाही.

आता डिंक्याकडे वळू. तो पसरवणारी फायटोफ्थोरा बुरशीसारखी दिसते, पण खरी बुरशी नव्हे. तिचे नाते तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. फायटोफ्थोरातही विषाणू सापडले आहेत, पण बटाट्यावर उशिरा येणारा करपा पाडणाऱ्या फायटोफ्थोरातील एक विषाणू तिची बीजाणुनिर्मिती उलट वाढवतो! त्यामुळे ‘विषाणूचे औषध’ म्हणून कोणी बाटली पुढे केली, तर खिशात हात घालू नये. बुंध्याशी पाणी साचू न देणे, कलमाचा जोड मातीखाली न जाऊ देणे, पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला बोर्डो मलम (मोरचूद व चुन्याचा लेप) लावणे आणि नवी लागवड रंगपूर लाईम या लिंबाच्या खुंटावरील कलमांची करणे, हेच उपाय आज हाताशी आहेत.