भाचीच्या वाढदिवसासाठी लाकडी कोडं आणि त्याची पेटी घरच्या घरी कशी बनवू?

तुम्ही लिहिलंय की भाची नऊ वर्षांची आहे, वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे, हाताशी करवत, फेव्हिकॉल आणि मे महिन्याची सुटी आहे, आणि तुम्ही राहता नागपुरात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मे महिन्यात एकदम फिट्ट बसवलेलं कोडं ऐन श्रावणात पेटीतून बाहेरच निघणार नाही.

कोडं म्हणून सोमा क्यूब घ्या. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी ते १९३३ मध्ये शोधलं. तीन किंवा चार सारखे ठोकळे जोडून जेवढे वाकडे आकार होतात (सरळ पट्टी आणि सपाट चौकोन वगळून), तेवढे घ्यायचे. ते भरतात बरोबर सात: एक तीन ठोकळ्यांचा, बाकी सहा चारांचे. एकूण ठोकळे २७, म्हणजे तीन बाय तीन बाय तीनचा नेमका घन! हे कुणी ठरवून केलेलं नाही, आपोआप जमलंय, आणि मला या कोड्यात सगळ्यात जास्त हेच आवडतं. घन जुळवायचे २४० वेगवेगळे मार्ग आहेत, तरी पहिला सापडेपर्यंत मोठ्यांनाही घाम फुटतो.

लाकडासाठी लकडगंजच्या लाकूड बाजारात जा. अख्खी फळी घेऊ नका, सागवानाचा कटपीस मागा. ‘एवढ्याशा लाकडाचं काय करता बाप्पा?’ असं कुणी विचारलं तर हसून सोडून द्या. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते आपल्या बल्लारशाहून. आपलं काम दोन-तीन फुटांत भागतं. आरा मशीनवरच २० मिमी बाय २० मिमीची, पाऊण मीटर लांबीची पट्टी रंधा मारून घ्या. हाताने इतकी सारखी जाडी काढायला कसलेला सुतार लागतो.

ठोकळे कापताना प्रत्येक वेळी पट्टीने माप घेऊ नका. करवतीपासून २० मिमीवर एक लाकडी अडण पक्की करा आणि दर वेळी पट्टी तिला टेकवून कापा. मग सगळे ठोकळे सारखे निघतील, पण हे अंतर पट्टीच्या जाडीएवढंच हवं, नाहीतर ठोकळे घन राहणार नाहीत आणि कोडं जुळणार नाही. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायची बाजू पॉलिश पेपरने घासून लगेच फेव्हिकॉल लावा. सातांपैकी दोन आकार उजव्या-डाव्या हातासारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ते आधी कोरडेच मांडून बघा, मगच चिकटवा.

पेटी कोडं तयार झाल्यावरच करायची. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळी हवेत फुगतं. आपला ६ सेंमीचा घन सहज अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणून पेटीची आतली लांबी-रुंदी घनापेक्षा पूर्ण १ मिमी जास्त ठेवा. अधूनमधून बनवत असाल तर लाकूड कूलरच्या खोलीत ठेवू नका. तिथे मे महिन्यातही पावसाळाच असतो.

झाकण सरकतं हवं, बिजागरी नको. पेटीच्या भिंतींसाठी घेतलेल्या वेगळ्या पट्टीत झाकणाची खाचही आरा मशीनवरच मारून घ्या आणि मग तिचे चार तुकडे करा. एका भिंतीचा खाचेवरचा भाग कापून टाका, झाकण तिथून आत जाईल. तळ आणि झाकण ४ मिमी प्लायचं करा, प्लाय ऋतूप्रमाणे फारसं हलत नाही. खाच घनाच्या माथ्यापेक्षा जेमतेम १ मिमी वर यायला हवी. मग गंमत अशी होते की कोडं सुटलं तरच झाकण लागतं. एक तुकडा जरी वर राहिला तरी झाकण अडतं. वेगळं उत्तर तपासायची गरजच नाही. म्हणून भेट देताना घन जुळवूनच पेटीत ठेवा. ती एकदा बाहेर काढेल आणि परत ठेवताना अडकेल.

रंग किंवा व्हार्निश नको, त्याचा थर चढून मापं बिघडतात. घाण्याचं जवसाचं तेल आपल्याकडे मिळतंच. ते कापडाने अगदी पातळ लावा, उरलेलं लगेच पुसून घ्या आणि सावलीत दोन-तीन आठवडे सुकू द्या. एक मात्र नीट ऐका: तेलाची ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

झाकणाच्या कडांना मेणबत्ती घासा. जुलैची चांगली झड लागली की घन पेटीत ठेवून झाकण एकदा सरकवून बघा. कुठे अडलं तर तेवढीच कड बारीक पॉलिश पेपरने घासा, आणि मगच कागदात गुंडाळा.