बोलिंग ॲलीतल्या रेस्टॉरंटमध्ये नुसतं जेवायला गेलं तर चालतं का? तिथलं खाणं बरं असतं का?

चालतं. न खेळता जेवायला येणारे भरपूर असतात, कोणी उठवत नाही. फक्त बसायची जागा नीट निवडा. हल्ली रेस्टॉरंट आणि लेन (बॉल टाकायच्या लांब पट्ट्या) यांच्यामध्ये काच लावतात, जेवणाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. आवाज नको असेल तर बोलिंग ॲलीत यायचंच कशाला? लेनच्या मागे उघड्यावर टेबलं असतील तर तिथेच बसा. बॉल टेकतो, ६० फूट गडगडत जातो आणि शेवटी पिना उडतात, ते ऐकत खाण्यात खरी मजा आहे. मात्र काही नव्या ठिकाणी पिना वरून दोरीनं बांधलेल्या असतात, त्यांचा आवाज वेगळा येतो. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंगच्या संघटनेनं २०२३ मध्ये त्या खेळाला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. माझ्या मते ते योग्यच केलं.

खाण्याचं म्हणाल तर फ्राइज, बर्गर, पिझ्झा मागवा. आपली पाळी आली की अर्धवट टाकून उठायचं आणि परत येऊन खायचं, असलं खाणं तिथलं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं करत आलंय. ते त्यांना जमतं. लांबलचक मेनूच्या नादी लागू नका.

आता मी हे लिहायला का बसले ते सांगते. मागच्या महिन्यात दादा आणि मी असेच नुसते जेवायला गेलो होतो. आम्ही दोघं ज्या ॲलीत खेळायला शिकलो ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथल्या लेन खऱ्या लाकडाच्या होत्या. सुरुवातीला जिथे बॉल टेकतो तिथे मेपल, मधल्या लांब पट्ट्यात पाइन, आणि पिनांखाली पुन्हा मेपल. लेनला लावलेल्या तेलाचा आणि मागच्या काउंटरवरच्या तळणाचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. गुण कागदावर पेन्सिलीनं लिहायचे, आणि ते काम दादाचं. पिनांकडे बघू नकोस, फाउल लाइनच्या (टाकताना ओलांडायची नाही ती रेघ) पुढे १५ फुटांवर बाण आहेत त्यांच्यावरून बॉल सोड, हे मला त्यानंच शिकवलं. मी चांगली खेळायचे, आणि ते त्याच्यामुळेच.

तरीही एका गोष्टीवरून आमचं १८ वर्षं जमलेलं नाही.

त्या दिवशी, दहापैकी आठव्या फ्रेमअखेर (फ्रेम म्हणजे एक पाळी) माझे १६१ झाले होते. नवव्या फ्रेममध्ये स्पेअर, म्हणजे दोन बॉलमध्ये दहाही पिना. दोनशेपर्यंत मी तोवर कधीच गेले नव्हते. तेवढ्यात दादा काउंटरवरून कोल्ड्रिंकचे दोन ग्लास घेऊन आला आणि बॉल रिटर्नपाशी, म्हणजे टाकलेले बॉल परत येतात तिथे, त्यातलं थोडं सांडलं. त्याचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. दहाव्या फ्रेमचा पहिला बॉल टाकायला निघताना माझा डावा बूट त्यात पडला. पुढे काय होतं ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. बोलिंगच्या बुटाचा तळ घसरण्यासाठी केलेला असतो, शेवटच्या पावलाला तो सरकत थांबला पाहिजे. ओला झाला की तो जमिनीला चिकटतो. माझा पाय जागीच थांबला, अंग पुढे गेलं, आणि मी फाउल लाइनच्या पलीकडे गुडघ्यांवर आपटले. बॉल मात्र सुटला होता. आडवी पडल्या पडल्या मी दहाच्या दहा पिना पडताना पाहिल्या. आणि फाउलचा बझर वाजला.

फाउल म्हणजे शून्य. स्पेअरनंतरच्या बॉलवर पडतील तेवढ्या पिना बोनस म्हणून मिळतात, त्यामुळे त्या बॉलवर नवव्या फ्रेमचा बोनसही अवलंबून होता, म्हणजे मार दोन्हीकडून. तो स्ट्राइक (एकाच बॉलमध्ये दहाही पिना) धरला असता तर नववीअखेर १८१, त्यावर दहा म्हणजे १९१, आणि दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइकनंतर मिळणाऱ्या दोन बॉलमध्ये नऊ पिना पाडल्या की २००. प्रत्यक्षात नववीअखेर १७१. पिना पुन्हा लावल्या, दुखऱ्या गुडघ्यानं टाकलेल्या दुसऱ्या बॉलवर सात पडल्या. १७८. दादानं आकडा लिहिला आणि म्हणाला, "घाई केलीस." तेव्हापासून घरात कधीही विषय निघाला की हेच: हिचे दोनशे झाले असते, पण घाई नडली.

मी घाई केली नव्हती. नेहमीचीच चार पावलं, नेहमीचाच वेग. पण ऐकतो कोण.

तर मागच्या महिन्यात आम्ही जेवत असताना एक वयस्क गृहस्थ खेळ मध्येच थांबवून काउंटरवर आले. त्यांच्या बुटांवर कापडी खोळी चढवलेल्या होत्या. दादानं आपणहून विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "इथे खाणंपिणं सांडलेलं असतं. तळाला ओल लागली तर बूट धरतो आणि माणूस तोंडावर पडतो. खेळून येणारा प्रत्येक जण घालतो." मी एक शब्द बोलले नाही. दादा बराच वेळ फ्राइज खात राहिला. मग म्हणाला, "दोन्ही ग्लास भरलेले होते गं." एवढंच. मला तेवढं पुरलं.

म्हणून सांगते, खाणं आणि खेळ दोन्ही करणार असाल तर ग्लास आणि प्लेट टेबलावरच ठेवा, अप्रोचच्या (बॉल टाकण्याआधी पावलं टाकायची जागा) आसपास नेऊच नका. कोणी आणत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो मोठा भाऊ का असेना. खाण्याआधी हातही धुवा, कारण लेनच्या पहिल्या ४० फुटांवर वगैरे तेल असतं आणि ते बॉलवरून बोटांना लागतं.

एक सांगायचं राहिलं. लीग, म्हणजे संघांचे ठरलेले सामने, असेल त्या संध्याकाळी नुसतं जेवायला जाऊ नका, जागा मिळत नाही आणि ऑर्डर फार उशिरा येते. आधी फोन करून विचारा.

आणि तुम्ही खेळणारच नसाल तर बुटांचं वगैरे तुम्हाला लागू नाही. फक्त ग्लास हातात घेऊन लेनजवळ बघायला जाऊ नका. तिथे कोणाची तरी दहावी फ्रेम चालू असते.